मोजलेले शिंपले, न मोजलेला गाळ : वाडन समुद्रातील कॉकल मासेमारीचे प्रकरण

गोव्यातल्या झुआरी नदीच्या दक्षिण काठावर, मुरगाव बंदराच्या आतल्या अंगाला, चिखली गाव आहे. गावाच्या नावात ऐकू येणारा चिखल पौर्णिमा-अमावास्येच्या सुकतीला खरोखरच दूरवर उघडा पडतो आणि थंडीच्या दिवसांत पहाटे गावातल्या बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या, म्हणजे चिखलातले खाण्याचे लहान शिंपले, काढायला त्यात उतरतात. याच उपसागरात मेंड्याही आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी जे दुधी, पातळ तुकडे बसवलेले दिसतात ते याच शिंपल्याचे, आणि आज वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी इथे आणते आणि दर वर्षी पहिला प्रश्न एकच येतो : इथून किती शिंपले काढले तर चालतील?

प्रश्न सरळ आहे आणि प्रामाणिकही आहे. तरीही त्याचे उत्तर देण्याआधी मी त्यांच्यापुढे उत्तर युरोपातले एक प्रकरण ठेवते. हाच प्रश्न तिथे नेदरलँड्ससारख्या, समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या आणि शास्त्रज्ञांची वानवा नसलेल्या देशाने विचारला, वर्षानुवर्षे मोजमाप करून त्याचे उत्तर दिले, त्यावर धोरण उभारले, आणि ते धोरण बारा वर्षांत कोलमडले. ते का कोलमडले हे समजून घेणे चिखलीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या फार कामाचे आहे, असे माझे मत आहे.

समुद्र कसा आहे

वाडन समुद्र नेदरलँड्सच्या डेन हेल्डर बंदरापासून जर्मनीच्या किनाऱ्याने डेन्मार्कपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर पसरलेला आहे. डच भाषेत ‘वाड’ म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखलवाळूची सपाटी. त्या सपाट्यांवरूनच समुद्राला नाव पडले. मुख्य भूमी आणि टेक्सेल, टेरस्खेलिंग, आमेलांड अशा बेटांची रांग यांच्या मधला हा उथळ पट्टा आहे. बेटांमधल्या फटींतून उत्तर समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. पश्चिमेकडे भरती-ओहोटीतले अंतर दीड मीटरच्या आसपास असते, जर्मनीच्या कोपऱ्यात ते तीन मीटरांच्या वर जाते. आपल्याकडे मुरगावला उधाणाच्या दिवशी ते दोन मीटरांच्या जवळपास असते, म्हणजे पाण्याच्या चढउताराच्या हिशेबाने हा समुद्र गोव्याच्या माणसाला अगदी परका नाही. फरक आहे तो ऋतूंचा. तिथे उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या आसपास पोचते आणि कडक हिवाळ्यात सपाट्यांवर बर्फ साचतो. आपल्या खाड्यांत वर्षाची मोठी घडामोड पावसाच्या गोड्या पाण्याने होते, तिथे ती थंडीने होते.

ओहोटीला हा समुद्र ओसाड दिसतो, पण जवळून पाहिल्यास चिखलावर तपकिरी, किंचित चकाकणारा एक पातळ थर असतो. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा थर आहे. या समुद्राचे अन्न मोठ्या प्रमाणात या थरावर आणि भरतीबरोबर येणाऱ्या तरंगत्या शैवालांवर तयार होते. शैवालांना शिंपले, किडे आणि गोगलगायी खातात, आणि या सगळ्यांना मासे आणि पक्षी खातात. दर वर्षी एक कोटीहून अधिक स्थलांतरित पक्षी इथे उतरतात. सैबेरिया, ग्रीनलंड आणि कॅनडातून येणारे कित्येक पक्षी इथे पोट भरून पुढे आफ्रिकेपर्यंत जातात आणि कित्येक सबंध हिवाळा इथेच काढतात. २००९ मध्ये डच आणि जर्मन भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये डेन्मार्कचा भागही त्यात आला.

या समुद्राला माणसाचा हात फार पूर्वीपासून लागलेला आहे. १९३२ मध्ये ३२ किलोमीटर लांबीचा आफस्लाउटडाइक हा बांध पुरा झाला आणि झाउडरझे नावाचे मोठे आखात समुद्रापासून कायमचे तुटले. त्याच दशकात पाण्याखालच्या समुद्री गवताची कुरणे रोगाने गेली आणि पश्चिम भागात ती पुन्हा उभी राहिली नाहीत. एक गोष्ट यावरून लक्षात ठेवायची : हा समुद्र सोशिक आहे असे म्हणतात, पण त्यातल्या काही गोष्टी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

कॉकल आणि त्याचे गिऱ्हाईक

प्रकरणाच्या मध्यभागी कॉकल नावाचा शिंपला आहे. आपल्या तिसरीपेक्षा तो फुगीर असतो, बाहेरून उभे उंचवटे असलेला, तीन-चार सेंटिमीटरचा. दर हिवाळ्यात त्याची वाढ थांबते आणि कवचावर एक कडा उमटते. त्या कडा मोजून त्याचे वय सांगता येते. पाणी ओढून घेणारी त्याची नळी आखूड असल्यामुळे त्याला चिखलाच्या वरच्या काही सेंटिमीटरांतच राहावे लागते. खोल दडून बसण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही, आणि त्याच्या पुढच्या नशिबाचे मूळ याच गोष्टीत आहे.

कॉकलची पिढी दर वर्षी सारखी येत नाही. कित्येक वर्षे जवळजवळ काहीच येत नाही आणि एखाद्या वर्षी सपाट्या पिल्लांनी भरून जातात. हे भरघोस वर्ष बहुधा कडक हिवाळ्यानंतर येते. थंडीत कोळंबी आणि खेकडे खोल पाण्यात जातात आणि उशिरा परततात, तेवढ्या अवधीत तांदळाच्या दाण्याहून लहान असलेल्या पिल्लांना वाढून घ्यायला सवड मिळते. सौम्य हिवाळ्यात हे भक्षक लवकर येतात आणि पिल्ले संपवतात. शिवाय अशा हिवाळ्यात मोठे शिंपलेही वजन घटवून बसतात आणि कमी अंडी घालतात. टेक्सेल बेटावरच्या समुद्र संशोधन संस्थेने जवळच्या बाल्गझांड या सपाटीवर १९७० च्या सुमारास सुरू केलेल्या आणि वर्षानुवर्षे न खंडता चालवलेल्या मोजणीतून हे उमगले. एका ठिकाणी, एकाच पद्धतीने, दशकानुदशके मोजत राहणे हे कंटाळवाणे काम आहे. मला मात्र या सबंध कथेतले सर्वांत मोलाचे काम तेच वाटते.

कॉकलची गिऱ्हाइके तीन प्रकारची. ऑयस्टरकॅचर हा लांब नारिंगी चोचीचा काळा-पांढरा पक्षी शिंपला फोडून किंवा त्याच्या फटीत चोच घालून आतले मांस खातो. त्याचे भाऊबंद हिवाळ्यात आपल्या मोरजीच्या किनाऱ्यावरही दिसतात. आयडर हे मोठे समुद्री बदक कॉकल आणि मसल, म्हणजे आपल्या शिणाण्यांच्या कुळातले शिंपले, बुडी मारून अख्खेच गिळते. रेड नॉट हा मुठीएवढा पक्षीही लहान शिंपले अख्खेच गिळतो आणि पोटातल्या पेषणीत त्यांचा चुरा करतो. कठीण अन्न खावे लागले तर काही दिवसांत तो आपली पेषणी मोठी करू शकतो, पण या लवचीकपणालाही मर्यादा असते. ती पुढे दिसेल.

चौथे गिऱ्हाईक माणूस. पूर्वी तो ओहोटीला चालत जाऊन दाताळ्याने कॉकल गोळा करी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे आली. सपाट बुडाची बोट भरतीच्या उथळ पाण्यात सपाटीवर जाते. तिच्या बाजूंना जाड नळाच्या टोकाशी सुमारे एक मीटर रुंदीची पेटी असते. पेटीच्या तोंडाशी पाण्याचा जोराचा झोत चिखल सैल करतो, मागचे पाते वरचा काही सेंटिमीटरांचा थर सोलून काढते, पंप तो सगळा वर ओढतो, आणि बोटीवरच्या फिरत्या जाळीच्या पिंपात पाणी, गाळ, किडे आणि लहान शिंपले गळून समुद्रात परत जातात. उरतात मोठे कॉकल. त्यातला बराच माल उकडून, डबाबंद होऊन स्पेनला जाई. अशी यंत्रे चालवण्याचे परवाने थोड्या लोकांकडे होते, तरी एका बोटीचे एका भरतीतले काम हाताने गोळा करणाऱ्या किती माणसांना किती दिवस पुरले असते याचा विचार करून पाहावा.

१९९० चा हिवाळा आणि त्यातून आलेले धोरण

१९८० च्या दशकाच्या अखेरीस लागोपाठ सौम्य हिवाळे आले. शिंपल्यांची नवी पिढी नीट बसली नाही आणि मासेमारी मात्र चालूच राहिली. १९७० च्या दशकाच्या शेवटी डच वाडनमध्ये ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मसलच्या, म्हणजे एकमेकांना चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या, घट्ट वसाहतींनी सुमारे ४ हजार हेक्टर जागा व्यापलेली होती. १९९० पर्यंत जुन्या वसाहती जवळजवळ संपल्या. पुढच्या हिवाळ्यात आयडर आणि ऑयस्टरकॅचर मोठ्या संख्येने मेले.

सरकारने हे मनावर घेतले, हे मान्य केले पाहिजे. १९९३ पासून नवे धोरण आले. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सपाट्यांपैकी २६ टक्के क्षेत्र यांत्रिक मासेमारीला कायमचे बंद झाले. शिंपले कमी असतील त्या वर्षी पक्ष्यांच्या सरासरी अन्नगरजेच्या ६० टक्के साठा त्यांच्यासाठी राखून मगच उरलेला काढायचा, असे ठरले. बाकीचे ४० टक्के ते दुसऱ्या भक्ष्यातून मिळवतील, असा हिशेब होता. दर वर्षी मोजणी होई, बोटींवर त्यांची जागा टिपणारी यंत्रे बसवली गेली आणि दहा वर्षांनी सगळ्याचे मूल्यमापन करायचे हेही आधीच लिहून ठेवले गेले. कागदावर पाहिले तर इतके नेटके मत्स्यधोरण मी फार थोडे पाहिले आहे. शिंपल्यांचे व्यावसायिकही त्यात सहभागी होते आणि आपण दर वर्षी सपाट्यांच्या थोड्याच टक्क्यांवर यंत्र फिरवतो असे ते म्हणत, ते खोटे नव्हते.

तरीही १९९९-२००० च्या हिवाळ्यात डच किनाऱ्यावर सुमारे २१ हजार आयडर मेले. शिंपल्यांचे साठे त्या वर्षी खालावलेले होते. किनाऱ्याला लागलेली बदके हाडे मोजता येतील इतकी रोडावलेली होती. रोगाचा आणि परजीवींचा मुद्दाही पुढे आला, पण उपासमार हेच मुख्य कारण असल्याचे अभ्यासातून दिसले. धोरण पाळूनही पक्षी मेले होते, म्हणजे धोरणातल्या हिशेबातच काहीतरी चुकत होते.

हिशेब कुठे चुकला

पहिली चूक पोटाच्या हिशेबाची होती. पक्ष्याला दिवसाला जेवढे मांस लागते ते गुणिले पक्ष्यांची संख्या, एवढा साठा ठेवला की पुरले, असे धरले होते. पण शंभर माणसांच्या पंगतीला शंभर माणसांपुरताच भात शिजवला तर पंगत पुरी पडत नाही, हे गोव्यातल्या कोणत्याही देवळातला आचारी सांगेल. सपाटीवरचा प्रत्येक शिंपला पक्ष्याला मिळत नाही. काही फार लहान असतात, काही इतके विरळ असतात की शोधण्यात मिळकतीपेक्षा जास्त शक्ती जाते, काही जागा दिवसातून जेमतेम तासभर उघड्या पडतात, आणि दाटीत दुबळ्या पक्ष्याला दांडगे पक्षी हुसकून लावतात. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या खाड्यांवर ऑयस्टरकॅचरचा अभ्यास करून २००४ मध्ये असे दाखवून दिले गेले, की पक्षी प्रत्यक्षात जेवढे खातात त्याच्या अडीचपट ते जवळजवळ आठपट साठा हिवाळ्याच्या सुरुवातीला असला तरच ते तगतात. डच धोरण तर गरजेच्या साठ टक्क्यांवर उभे होते.

दुसरी चूक याहून खोल होती, आणि मला या प्रकरणाचे मर्म तिच्यात दिसते. धोरणाने शिंपले मोजले, शिंपले ज्यात राहतात तो गाळ मोजला नाही.

वाडनच्या पश्चिम भागात ग्रीन्ड नावाचे एक लहान, निर्मनुष्य बेट आहे. त्याच्या आसपासच्या सपाटीवर शास्त्रज्ञ आधीपासून नमुने घेत होते. १९८८ मध्ये त्या सपाटीच्या एका भागावर कॉकल काढणारी यंत्रे फिरली. त्यामुळे यंत्र फिरलेला आणि न फिरलेला भाग शेजारी-शेजारी, आधीच्या नोंदींसह, अभ्यासाला मिळाला. यंत्र फिरलेल्या भागात कॉकल तर गेलेच, पण त्याबरोबर बारीक गाळही गेला. झोताने उधळलेले बारीक कण ओहोटीबरोबर निघून गेले आणि मागे जाडसर वाळू उरली. शिंपल्यांची पिल्ले, विशेषतः कॉकल आणि माकोमा या जातींची, बारीक गाळाच्या मऊ जागा पसंत करतात. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे तिथे नव्या पिल्लांचे बसणे कमी राहिले. गाळाची बारीकता मूळपदावर यायला १९९६ उजाडावे लागले. एका हंगामाच्या कामाचा माग आठ वर्षे राहिला.

हे का घडते ते समजून घेण्यासारखे आहे. जिवंत शिंपले पाणी गाळताना अन्नाबरोबर आलेली माती लहान-लहान गोळ्यांच्या रूपात बाहेर टाकतात. या गोळ्या तळाशी बसतात. डायटमचा चिकट थर त्यांना धरून ठेवतो. मसलच्या वसाहती लाटांचा जोर मोडतात आणि त्यांच्या आडोशाला आणखी गाळ साचतो. म्हणजे शिंपले स्वतःच्या पुढच्या पिढीसाठी वाफा तयार करत असतात. शिंपले काढले की वाफा बांधणारे जातात, आणि यंत्राने वरचा थर सोलला की बांधलेला वाफाही जातो. आपल्या खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला, शेतकरी हे चटकन ओळखेल. एका वर्षी कोरगुट भाताचे पीक बुडाले तर पुढच्या वर्षी पेरता येते. पण बांध फुटून खारे पाणी शेतात बसले तर प्रश्न एका पिकाचा राहत नाही. डच धोरण दर वर्षी पीक मोजत होते. वाफा दर वर्षी थोडा-थोडा विस्कटत होता आणि ‘सपाट्यांचे थोडेच टक्के’ हे वाक्य दर वर्षी खरे असूनही आठ वर्षे न भरणाऱ्या जखमांची बेरीज त्यात दिसत नव्हती.

रेड नॉटवरचा अभ्यास, जो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, या साखळीचे शेवटचे टोक दाखवतो. जिथे यंत्रे फिरली तिथे उरलेल्या कॉकलमध्ये कवचाच्या मानाने मांस कमी झाले. पक्ष्याला तेवढ्याच मांसासाठी जास्त कवच गिळावे आणि चुरावे लागू लागले. त्यासाठी मोठी पेषणी हवी. ज्यांची पेषणी लहान होती ते पक्षी पुढच्या वर्षी तिथे परत दिसले नाहीत. लवचीकपणाची मर्यादा ती हीच. हे सारे संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या समुद्रात घडत होते.

न्यायालयातला प्रश्न

वाडन समुद्राच्या रक्षणासाठी काम करणारी डच संघटना आणि पक्षीसंरक्षण संघटना यांनी १९९९ आणि २००० च्या कॉकल परवान्यांना आव्हान दिले. प्रशासकीय वादांचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या डच राज्य परिषदेने युरोपीय न्यायालयाकडे काही प्रश्न पाठवले. निसर्गक्षेत्रांच्या रक्षणासाठी केलेल्या १९९२ च्या युरोपीय अधिवास निर्देशातल्या सहाव्या कलमाचा अर्थ काय, हा त्यांचा गाभा होता. संरक्षित क्षेत्रावर लक्षणीय परिणाम होऊ शकेल अशा कोणत्याही योजनेचे आधी मूल्यमापन झाले पाहिजे, असे ते कलम सांगते. सरकारची बाजू अशी होती, की ही मासेमारी कित्येक वर्षे चालू आहे, मग ती नवी योजना कशी?

७ सप्टेंबर २००४ रोजी निकाल आला. न्यायालयाने म्हटले, की दर वर्षी नव्याने दिला जाणारा परवाना हा दर वेळी नव्याने तपासायचा विषय आहे, जुनेपणाची ढाल इथे चालणार नाही. आणि दुसरे, जे अधिक दूरगामी ठरले : क्षेत्राची हानी होणार नाही याची खात्री पटल्याशिवाय, म्हणजे वाजवी वैज्ञानिक शंका उरलेली नाही अशी स्थिती असल्याशिवाय, परवानगी देता येणार नाही.

या वाक्याने सिद्ध करण्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. तोपर्यंत हानी होते हे पक्षीप्रेमींनी सिद्ध करायचे होते. आता हानी होत नाही हे परवाना मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने दाखवायचे होते. वरची दोन्ही उदाहरणे आठवून पाहा. ग्रीन्डच्या सपाटीचे उत्तर मिळायला आठ वर्षे लागली, रेड नॉटचा अभ्यास तर निकालानंतर दोन वर्षांनी छापून आला. ओझे पहिल्या खांद्यावरच राहिले असते तर विज्ञान दर वेळी यंत्रापेक्षा काही वर्षे मागेच राहिले असते.

निकालाआधीच, २००४ च्या वसंतात, सरकारने नेमलेल्या सल्लागार समितीने यांत्रिक कॉकल मासेमारी थांबवण्याचा सल्ला दिला होता. १ जानेवारी २००५ पासून ती वाडनमध्ये बंद झाली आणि परवानाधारकांना १२ कोटी युरोंहून अधिक भरपाई मिळाली. त्याच समितीच्या सल्ल्याने वाडनच्या तळाखालचा नैसर्गिक वायू काढण्याची वाट मोकळी झाली, जमीन किती खचते यावर सतत नजर ठेवून गरज पडल्यास नळ बंद करण्याच्या अटीवर, आणि २००७ मध्ये वायू काढायला सुरुवातही झाली. समुद्राच्या भल्यासाठी मोठा निधीही उभा राहिला. हा सौदा होता, आणि तो सौदा म्हणूनच वाचला पाहिजे. मासेमारी थांबली ती केवळ विज्ञानामुळे किंवा केवळ न्यायालयामुळे नव्हे. थांबण्याची किंमत देण्याइतका पैसा राज्याकडे होता, हेही एक कारण होते. गोव्यात हे प्रकरण वाचताना हा भाग गाळून चालणार नाही, कारण बंदी घातल्यावर ज्यांची रोजी जाते त्यांच्यापुढे काय ठेवायचे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी शेवटी विचारला जातो.

नंतर काय झाले

हाताने दाताळे ओढून कॉकल काढणारे मोजके लोक आजही परवान्याने वाडनमध्ये काम करतात. मसलच्या धंद्यात २००८ मध्ये संघटना, व्यावसायिक आणि सरकार यांच्यात करार झाला : तळावरून पिल्ले ओरबाडण्याऐवजी पाण्यात टांगलेल्या दोऱ्या आणि जाळ्यांवर पिल्ले बसू द्यायची आणि तळावरची मासेमारी टप्प्याटप्प्याने कमी करायची.

मसलच्या वसाहती परत आल्या, पण सगळीकडे सारख्या नाहीत. पूर्व भागात त्या अधिक लवकर उभ्या राहिल्या, पश्चिमेत रेंगाळल्या. मधल्या काळात पॅसिफिक कालव, जे १९६० च्या दशकात नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या ऑस्टरस्खेल्डे खाडीत शेतीसाठी आणले होते, वाडनमध्ये पसरले आणि आज कित्येक ठिकाणी मसल त्या कालवांच्या खडबडीत राशींतच वाढतात. यंत्र थांबले म्हणून १९७० चा समुद्र परत येत नाही, तिसराच एक समुद्र तयार होतो. आणि सौम्य हिवाळे वाढत चालले, तर कडक थंडीवर अवलंबून असलेल्या भरघोस पिढ्या किती वेळा येतील, हा प्रश्न कोणत्याही परवान्याच्या हातातला नाही.

चिखलीच्या काठावर

भारतातही ओझ्याचा प्रश्न कायद्यात सुटलेला आहे. वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आणि हानी होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रकल्प करणाऱ्यावर टाकली. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत जीवसृष्टीने भरलेल्या चिखलाच्या सपाट्या सर्वाधिक संवेदनशील वर्गात मोडतात. म्हणजे ओझे आपल्याकडे युरोपीय न्यायालयाच्या त्या निकालाच्या आठ वर्षे आधीच सरकले. आपल्याकडे उणीव आहे ती बाल्गझांडची. कोणी चिखलीच्या सपाटीवर काही उभारायचे म्हटले आणि न्यायालयाने ‘आधी इथे काय होते?’ असे विचारले, तर समोर ठेवायला एकाच जागेची, एकाच पद्धतीची, वर्षानुवर्षांची नोंद हवी.

म्हणून या वर्षी आम्ही साधी सुरुवात केली. पौष पौर्णिमेच्या पहाटे, पाणी उतरू लागताच, अर्ध्या मीटरची लोखंडी चौकट घेऊन विद्यार्थी सपाटीवर गेले. ठरलेल्या रेषेवर ठरलेल्या अंतराने चौकट टाकायची, आतला चिखल हाताने उकरायचा, जाळीतून धुवायचा, तिसऱ्या मोजायच्या, लांबी मापायची आणि परत सोडायच्या. नोंदवहीत रकाने आखलेले होते : जागा, वेळ, पाण्याची पातळी, जिवंत शिंपले, रिकामे शिंपले, लांबी.

आमच्यापासून थोड्या अंतरावर गावातल्या एक मावशी तिसऱ्या काढत होत्या. बोटांनीच चिखल चाचपत होत्या आणि हाताला लागलेली प्रत्येक तिसरी नखाने उलटून पाहत होत्या. लहान असली की पुन्हा चिखलात दाबून टाकत. एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, “मावशी, तुम्ही कुठे बसायचे ते कसे ठरवता?” त्यांनी तिच्याकडे वर पाहिले आणि म्हणाल्या, “पांयांक कळटा. हांगा पाय रुतता, थंय रुतना. थंय रेंव आयल्या, थंय कितेंच मेळना.” रेंव म्हणजे वाळू. मग त्यांनी स्वतःचा पाय उचलून चिखलातला ठसा दाखवला. घोट्याच्या वर दोन बोटे.

विद्यार्थी गप्प उभे राहिले. वर्गात त्यांनी ग्रीन्डचा आलेख पाहिलेला होता, गाळ जाड होत गेल्याची आणि पिल्ले न बसल्याची रेघ त्यांना पाठ होती. तरी त्यांच्या नोंदवहीत गाळासाठी रकाना नव्हता. तो तिथेच, ओल्या कागदावर, पेन्सिलीने आखला गेला. शीर्षक काय द्यावे यावर थोडी चर्चा झाली आणि शेवटी मावशींच्याच मापाने ठरले : पाय किती रुततो. घोट्याखाली, घोट्यापर्यंत, घोट्याच्या वर दोन बोटे, पोटरीपर्यंत. प्रत्येक चौकटीजवळ एकाच मुलीने उभे राहायचे, म्हणजे वजन बदलणार नाही. बरोबर एका डबीत मूठभर गाळ घ्यायचा आणि प्रयोगशाळेत चाळून कण मोजायचे.

पाणी परत चढायला लागले तेव्हा रेषेवरच्या शेवटच्या तीन चौकटी राहिल्या होत्या. त्या पुढच्या अमावास्येला करायच्या ठरल्या. मावशींनी टोपली डोक्यावर घेतली आणि आमच्या खुणेच्या काठ्यांपैकी एक किनाऱ्याकडे दोन पावले सरकवली. पूर्वी चिखल इथपर्यंत होता, असे त्यांनी सांगितले. आम्ही ती काठी तिथेच राहू दिली आणि नोंदवहीत तिच्या जागेपुढे तारीख लिहिली.